उपास गुरुवारचा, हिशोब आठवड्याचा

खामगावच्या आमच्या आत्याने गेल्या बावीस वर्षांत एकही गुरुवार मोडलेला नाही. शेगाव तिथून जवळ, त्यामुळे गजानन महाराजांचा वार घराघरात पाळला जातो. शिवाय महिन्याच्या दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि श्रावणातले सोमवार. एकावर एक येणारे दिवस वजा केले तरी वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी उपास होतात, म्हणजे जवळजवळ दर चौथा दिवस उपासाचा. दर दिवाळीला भेटली की ती मला तेच विचारते, "मी तं एवढे उपास करते बापा, मग वजन काऊन वाढते?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. घाटावर चिखली-मेहकरला जा, नाहीतर घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला, उपास करणारी माणसं घरोघरी आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचा कमरेचा घेर वाढतोच आहे. दुसरीकडे शहरातली तरुण मुलं सोळा-सोळा तास न खाता वजन उतरवल्याचं सांगतात. दोघंही उपासच करतात. मग एकाचा उपास लागू पडतो आणि दुसऱ्याचा का पडत नाही?

ताट काट्यावर ठेवलं तेव्हा

गेल्या वर्षी एका गुरुवारी मी आत्याकडे होतो. स्वयंपाकघरात ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा होता. तिची परवानगी घेऊन मी तिच्या वाटणीची खिचडी टाकण्याआधीच मोजली. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचा कूट ४० ग्रॅम, तूप २० ग्रॅम आणि एक लहान बटाटा. बेरीज सातशे कॅलरींच्या आसपास गेली. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचं माप. आत्याच्या वयाच्या, घरातलीच कामं करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण सतराशे-अठराशे पुरतात.

मग बुधवारच्या दुपारचं तिचं जेवण आठवून मांडलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर तुरीचं वरण, वांग्याची भाजी. तेही सातशेच. म्हणजे ज्याला आम्ही उपास म्हणत होतो ते बिनउपासाच्या जेवणाएवढंच भरलं. त्यात वरणातली प्रथिनं गेली आणि भाजीही गेली. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. दाण्याच्या कुटाने थोडी लाज राखली, एवढंच.

दिवस तिथे संपत नाही. सकाळपासून साखरेचे चार कप चहा, अकरा वाजता दोन केळी, चार वाजता बटाट्याचा चिवडा. आणि संध्याकाळी सात-साडेसातला आरती झाली की उपास सोडायचा. त्यासाठी शिरा आणि पुऱ्या, कारण दिवसभर 'काहीच खाल्लेलं नसतं'. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणी दुष्टपणे रचलेली नाही. ज्याने ती पहिल्यांदा म्हटली, त्याने घरचं ताट नीट पाहिलं असणार.

यात आत्याच्या श्रद्धेचा काही दोष नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. व्रताचा उपास वजन घटवण्यासाठी नव्हताच. त्याचा नियम 'काय चालतं' हा आहे, 'किती चालतं' हा नाही. शरीराला मात्र दुसराच प्रश्न कळतो.

पिठाचा डबा आणि कणगी

शरीर ऊर्जा कशी साठवतं हे जुन्या शेतकरी घराच्या मांडणीतून चांगलं समजतं. स्वयंपाकघरात पिठाचा डबा असतो आणि आतल्या खोलीत धान्याची कणगी. रोजची भाकर डब्यातल्या पिठाची. डबा रिकामा व्हायला लागला की कणगीचं तोंड उघडायचं आणि दळण करायचं.

शरीरातला पिठाचा डबा म्हणजे ग्लायकोजेन. जेवणातल्या साखरेचे दाणे एकमेकांना जोडून केलेला हा साठा यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम असतो. कणगी म्हणजे चरबी. डबा लहान, चटकन भरतो, चटकन रिकामा होतो. कणगीला मात्र वरची मर्यादाच नाही.

जेवलं की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. ते घरातल्या कर्त्या बाईसारखं असतं: माल दारात आला की तो आत लावून घ्यायचा, आणि लावणं चालू असेपर्यंत कणगीतून काही काढू द्यायचं नाही. खाणं थांबून तास उलटले की इन्सुलिन उतरतं. रात्री झोपेत यकृताचा डबा हळूहळू रिता होतो. शेवटच्या घासाला दहा-बारा तास झाले की कणगीतून काढलेल्या चरबीवर शरीर जास्त जास्त चालू लागतं. आणखी लांबलं तर यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं आणि मेंदूही त्यावर चालतो.

इथपर्यंत वाचून अनेकांना वाटतं, चला, न खाल्लं की चरबी जळते, प्रश्न मिटला. इथेच एक गफलत होते. कणगीचं तोंड दुपारी उघडलं आणि रात्री तिच्यात दोन पायल्या जास्त ओतल्या, तर कणगी उतरली का? चरबी जळणं ही तासातासाची गोष्ट आहे, चरबी घटणं ही आठवड्याची. उपास कणगी उघडतो हे खरं. ती रिकामी होईल की नाही हे आठवडाभराची आवक-जावक ठरवते.

पहिले दोन किलो

उपास सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत वजन दीड-दोन किलोने उतरतं आणि माणूस हरखून जातो. त्यातला मोठा भाग पाणी असतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डबा रिता झाला की ते पाणीही जातं. मग एखाद्या लग्नाची पंगत जेवलं की दोन दिवसांत वजन परत येतं आणि तोच माणूस खचतो. पहिल्या वेळी चरबी गेली नव्हती, दुसऱ्या वेळी आली नाही. काट्यावरच्या आकड्याने दोन्ही वेळा फसवलं.

खऱ्या चरबीचा हिशोब सावकाशीचा आहे. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. समजा आत्याने गुरुवारी खरोखर हजार कॅलरीच खाल्ल्या आणि शुक्रवारी त्याची भरपाई केली नाही. आठवड्याला आठशे वाचल्या, म्हणजे शंभर ग्रॅम चरबी. बावन्न गुरुवारांचे कागदावर पाच किलो होतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण अंग हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो. तरीही ही रक्कम लहान नाही. बावीस वर्षं गुरुवार धरणाऱ्या बाईकडे चिकाटी आहेच. फक्त तिच्या चिकाटीचं मोल रात्रीच्या शिरा-पुरीत परत जात होतं.

दोन जेवणं, सोळा तास आणि प्रयोगांचा कौल

महाराष्ट्रात उपास आणि वजन हा विषय घरोघरी नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, २००४ साली अपघातात जिचकार गेले, आणि पुढे दीक्षितांनी तो स्वतःवर करून पाहिला आणि गावोगावच्या व्याख्यानांतून मांडला. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचं, मधल्या वेळात गोड काही नाही, आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. त्याच काळात मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोनेक तासांनी थोडं थोडं खायला सांगत होत्या. २०१८च्या सुमारास या दोन मतांवरून घराघरात वाद झाले. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या.

दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं होती, आणि मला वाटतं ती खोटं बोलत नव्हती. दीक्षितांच्या पद्धतीत दिवसभराची बिस्किटं, चहा, फरसाण आपोआप बंद होतात. दिवेकरांच्या पद्धतीत माणूस भुकेने वखवखून ताटावर बसत नाही. वाटा वेगळ्या असल्या तरी जिथे खाणं एकूण कमी झालं तिथे वजन उतरलं.

याची नीट मोजणी चीनमध्ये ग्वांगझू इथे झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लठ्ठपणा असलेल्या १३९ माणसांना वर्षभर सारख्याच मर्यादित कॅलरी दिल्या. अर्ध्यांनी त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायच्या, बाकीच्यांनी दिवसभरात कधीही. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोंनी. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक घड्याळामुळे पडला असं म्हणता येत नाही. दोन्ही गटांना उतरवलं ते कमी खाण्यानेच.

घड्याळाला अर्थच नाही, असं मात्र नाही. रात्री उशिरा खाल्लेल्या साखरेचा निपटारा शरीर सकाळपेक्षा वाईट करतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचं सगळं खाणं संपवलं. वजन न घटताही त्यांच्या शरीरात इन्सुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. प्रयोग फार लहान आहे, पण तो कल दाखवतो. दुकान बंद करून रात्री साडेदहाला जेवणाऱ्या खामगावच्या व्यापाऱ्याने त्याचा विचार करायला हवा.

जुनी नावं, नवी नावं

आज जे इंग्रजी नावांनी विकलं जातं त्यातलं बरंच आपल्या पंचांगात आधीपासून आहे. दिवसातून एकदाच जेवणं म्हणजे एकभुक्त. दिवसभर न खाता रात्रीच जेवणं म्हणजे नक्त. एक दिवस उपास, एक दिवस जेवण असं चातुर्मासात चालवणं म्हणजे धारणे-पारणे. सूर्यास्तानंतर काहीही न घेणारा जैनांचा चौविहार हा तर दिवसाउजेडी जेवण आटोपण्याचा नियमच.

यातलं धारणे-पारणे शिकागोच्या संशोधकांनी नव्या रूपात वर्षभर करून पाहिलं. १०० माणसांचा हा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने एक दिवस अगदी थोडं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा थोडं जास्त खाल्लं. दुसऱ्या गटाने रोजच थोडं कमी खाल्लं. वजन दोघांचं जवळपास सारखंच उतरलं. पण मधेच सोडून जाणारे दिवसाआड उपास करणाऱ्या गटात शंभरात ३८ होते, रोज थोडं कमी खाणाऱ्यांत २९.

मला या सगळ्या संशोधनातला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. उपासाची पद्धत निवडताना 'सर्वांत जास्त वजन कशाने उतरतं' हे विचारण्यापेक्षा 'पुढच्या आषाढीपर्यंत मी हे करत असेन का' हे विचारावं.

टिकतो तो कसा

भूक ही टाकीतल्या पाण्यासारखी सरळ खाली जात नाही, ती लाटेसारखी येते. पोटातून सुटणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळा ओळखून त्या सुमारास वाढतं. रोज अकराला काहीतरी तोंडात टाकायची सवय असेल तर अकराला कासावीस व्हायला होतं. बारापर्यंत काढलं की लाट ओसरते. वेळ बदलली आणि ती नेमाने पाळली, तर हळूहळू शरीर नव्या वेळेला भूक पाठवू लागतं. म्हणून रोज वेगळा खेळ मांडण्यापेक्षा एकच साधा नेम बरा.

नेम फार कडक केला तर शरीर उलटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं होतं. ती मुलं थंडीने कुडकुडू लागली, चिडचिडी झाली, रात्रंदिवस अन्नाचंच बोलू लागली. अन्न पुन्हा मिळाल्यावर त्यांतले अनेक पोट भरलं तरी थांबू शकेनात. आठवडाभर नुसत्या ताकावर राहून नंतर दुप्पट खाणारा माणूस दुबळ्या मनाचा नसतो. दुष्काळ आला असं समजून त्याचं शरीर त्याला वाचवायला धावलेलं असतं.

आपल्याकडे सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करावी, असं माझं मत आहे. पूर्वी दिवेलागणीला चूल पेटायची आणि आठच्या आत ताटं धुऊन पालथी पडायची. संध्याकाळी साडेसातला जेवलं आणि सकाळी साडेसातला काही खाल्लं तर बारा तास झाले, तेही झोपेत. त्यासाठी ना पैसे लागतात, ना वेगळा स्वयंपाक. महिनाभर हे अंगवळणी पडलं की सकाळचं खाणं जमेल तसं तासा-दोन तासांनी पुढे सरकवता येतं. ज्यांना शेतावर सकाळी सहाला कामाला लागायचं आहे त्यांनी ते सरकवू नये. त्यांनी न्याहारी करावी आणि रात्रीचं जेवण हलकं घ्यावं.

आणि गुरुवार-एकादशी? ती मोडायची काहीच गरज नाही. वर्षाला ऐंशी दिवस आधीच ठरलेले, घरातल्या सगळ्यांना मान्य असलेले, पाहुणाही ज्या दिवशी आग्रह करत नाही असे! वजन उतरवू पाहणाऱ्या कुठल्याही शहरी माणसाला एवढी आयती घडी मिळत नाही. बदलायचं आहे ते ताट, आणि त्याहून जास्त उपास सोडण्याची रीत.

चौकट: उपासाच्या दिवशीचं ताट

• फराळ एकदाच, ताटात वाढून, बसून. येता-जाता चिवड्यात हात नको.
• साबुदाण्याऐवजी बहुतेक वेळा भगर आणि दाण्याची आमटी; सोबत वाटीभर दही आणि चालत असेल तर काकडीची कोशिंबीर.
• राजगिऱ्याच्या पिठाची भाकर किंवा थालीपीठ कमी तेलात. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, साबुदाण्यात जवळपास काहीच नाहीत.
• साखरेचा चहा जास्तीत जास्त दोनदा. मधे पाणी, पातळ ताक.
• खिचडी आवडते तर खावी, पण वाटीभर, ताटभर नाही.

प्रथिनांचा आग्रह धरण्याचं कारण आहे. शरीर उपाशी असताना फक्त कणगीलाच हात घालत नाही, ते घराचे वासेही काढून जाळतं. हे वासे म्हणजे स्नायू. आहारात पुरेशी प्रथिनं नसतील आणि अंगमेहनतही नसेल, तर उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. मग माणूस हलका होतो पण जिना चढताना धापा टाकतो. म्हणून चालणं हवंच, आणि जमेल तेवढं वजन उचलण्याचं कामही. पाण्याची बादलीसुद्धा त्यात धरता येते.

राहिला उपास सोडण्याचा प्रश्न. इथे आपल्या शेगाव-खामगावकडच्या माणसाला लांब जावं लागत नाही. गजानन महाराजांच्या आवडीचा म्हणून जो नैवेद्य घरोघर दाखवतात, तो पिठलं-भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची. हरभऱ्याच्या पिठात प्रथिनं, ज्वारीत चोथा, अंबाडीत पालेभाजीचं सत्त्व. पोटाला तासन् तास धरून ठेवणारं हे जेवण शिरा-पुरीपेक्षा कितीतरी पटीने शहाणं आहे, आणि नैवेद्य म्हणून ते देव्हाऱ्यापुढे आधीच ठेवलेलं असतं.

काट्यापेक्षा टेप

वजन किती आहे यापेक्षा चरबी कुठे आहे हे भारतीय माणसाने जास्त पाहावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं होतं. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, अशी आपली ठेवण. म्हणूनच पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की आपल्याकडे सावध व्हायला सांगतात. काट्यावर रोज उभं राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत शिलाईचा टेप धरावा.

उपास कोणी धरू नये

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण लांबवू नये. गोळी आपलं काम करत राहते, जेवण मात्र आलेलं नसतं, आणि साखर एवढी उतरते की दरदरून घाम सुटून माणूस कोसळतो. घाम सुटू लागताच, शुद्धीत असतानाच, उपास मोडून लगेच साखर तोंडात घालावी. त्यात व्रतभंग नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, आधीच अशक्त असलेली म्हातारी माणसं यांनी वजनासाठी उपास धरू नयेच. आणि ज्येष्ठातली निर्जळी एकादशी! घाटाखाली तेव्हाही ऊन अंग भाजत असतं. ज्याला शेतात किंवा रस्त्यावर काम आहे त्याने त्या दिवशी पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं. किडनीचा आजार असलेल्यांनी आणि लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्यांनीही पाणी तोडू नये.

आत्याला मधुमेह नाही, म्हणून आम्ही दोघांनी मिळून तिच्या गुरुवारचं ताट बदललं. पहिले दोन महिने काटा हललाच नाही आणि ती माझ्यावर नाराज होती. पुढे तो हलला, सावकाश. या गुरुवारी मी तिला फोन केला तेव्हा पावणेसात वाजले होते. मागे भाकर थापटल्याचा आवाज येत होता. वर्षात वजन चार किलोंनी आणि कंबर पाच सेंटिमीटरने कमी झाल्याचं तिने सांगितलं आणि म्हणाली, "ठेव आता फोन. नैवेद्य दाखवते अन् जेवते. आठ वाजता चूल बंद असते माही."